मास्तरांचा चष्मा

ज्या दिवशी ती सगळी मंडळी वकिलातीसमोर पहिल्यांदा निषेधाला उभी राहिली, त्या दिवशी हा निषेध आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. लोकांना वाटलं, व्हिसाची रांग आहे. आणि लोकांचं तरी काय चुकलं म्हणा! धुतलेले कपडे घालून, एकामागोमाग एक, तोंडातून चकार शब्द न काढता माणसं वकिलातीच्या भिंतीला लागून उभी दिसली, तर शहाणा माणूस दुसरं काय समजेल? हातात फाइल घेतलेला एक टायवाला आला, "शेवट कुठाय?" म्हणाला आणि सरळ मागे जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे दोघी आल्या. थोड्या वेळाने तर वकिलातीचा दारवान बाहेर येऊन "भिंतीला धरून, भिंतीला धरून" करत सगळ्यांची ओळ नीट लावून गेला.

रांगेत सगळ्यांत पुढे चष्मेवाली होती आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

चष्मेवालीचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच, वडिलांच्या वेळेपासूनचं. बाईचा हात सोन्यासारखा आणि जीभ कात्रीसारखी. गिऱ्हाइकाने "मला सगळं स्पष्ट दिसतं हो" म्हणायची खोटी, की ही म्हणणार, "मग भिंतीकडे तोंड करून नमस्कार कुणाला करताय? मी इकडे बसलेय." खरी काच घासून, कडा जुळवून फ्रेममध्ये बसवावी तर तिनेच. प्लॅस्टिकच्या काचांचा तिला मनस्वी राग. "प्लॅस्टिकच्या बाटल्या करतात, चष्मे नाही," असं ती तोंडावर सांगे, आणि कुणी फारच हट्ट धरला तर त्याला समोरच्या दुकानाचा रस्ता दाखवी. धाकटी बहीण याच दुकानात लहानाची मोठी झालेली. लग्नाआधी गल्ल्यावर बसून ती ताईची ही सगळी भाषणं ऐकून हसायची, आणि ताई पाठमोरी झाली की तिची नक्कलही करायची.

तर आता धाकटीबद्दल. ती लग्न होऊन दूर, दुसऱ्या देशात गेली होती. नवरा तिथे शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे सगळे त्याला मास्तरच म्हणत. दोन्ही घरं एकाच पंथातली. पंथ अगदी लहानसा. इथे त्याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं, पण तिथल्या सरकारने त्याच्यावर बंदी घातलेली. चार माणसं जमून प्रार्थना करताना दिसली तरी गुन्हा. तरी लोक कुणाच्या ना कुणाच्या घरी, पडदे ओढून जमतच. असेच मास्तरांच्या घरी जमले असताना पोलीस आले आणि मास्तरांना घेऊन गेले. जाताना झटापटीत त्यांचा चष्मा खाली पडला आणि कुणाच्या तरी बुटाखाली त्याचा चुरा झाला. नंबर मोठा होता. चष्म्याशिवाय मास्तरांना स्वतःच्या हाताची बोटं दिसत नसत.

त्यानंतर मास्तरांचा पत्ता नाही. धाकटी चौकीत गेली, कोर्टात गेली, तुरुंगाच्या फाटकाशी जाऊन बसली. सगळीकडे एकच उत्तर, असा कोणी माणूस आमच्याकडे नाही. आणि वर कहर म्हणजे एक अधिकारी घरी येऊन गोड बोलून गेला, की बाई, नवरा आपणहून घर सोडून गेला असं लिहून द्या, म्हणजे आम्ही ठेवून घेतलेला तुमचा पासपोर्ट तुम्हाला परत मिळेल आणि तुम्ही सुखाने माहेरी जाल. तिला विचार करायला त्याने थोडी मुदतही दिली.

धाकटीचा फोन येई तेव्हा दोघी जपून बोलत, कारण मधे कुणीतरी ऐकत असे. खोकल्याचा आवाजसुद्धा यायचा मेल्याचा. एक दिवस मात्र धाकटीला राहवलं नाही.

"ताई, बाकी काही नको मला. ते आहेत की नाहीत, मी वाट बघायची की नाही, एवढंच कुणीतरी सांगा. नसतील तर लिहून देते आणि येते. पण असतील आणि मी लिहून दिलं, तर माझ्याच हाताने मी त्यांना..."

पुढचं तिला बोलवेना. ताईलाही ऐकवेना. तिने फोन ठेवला.

आता या पंथाची प्रार्थना कशी असते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. हे लोक गोल बसत नाहीत, समोरासमोर बसत नाहीत. एकामागे एक उभे राहतात. प्रत्येकाने पुढच्याच्या पाठीकडे बघायचं. म्हणजे कुणाच्या चेहऱ्यावर किती भक्ती दाटून आलीय ते कुणी बघायला नको आणि कुणी दाखवायला नको. जो सगळ्यांत पुढे असेल त्याने मनातली गोष्ट एका वाक्यात, हळू आवाजात बोलायची आणि मागे जाऊन शेवटी उभं राहायचं. मग दुसरा. बाकीच्यांनी गप्प. आवाज चढवणं तर यांच्यात बसतच नाही. त्यांचं म्हणणं, देवाला ऐकू कमी येत नाही.

चष्मेवालीची या एका वाक्यात फार कुचंबणा होई. तिचं वाक्य "आणि", "पण", "शिवाय" करत करत लांबतच जाई, आणि मागचे लोक पाय बदलत राहत. त्या आठवड्यात तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "देवा, मला त्या देशाच्या वकिलातीसमोर जाऊन बोंब मारायची आहे, आणि ही सगळी मंडळी माझ्याबरोबर यावीत."

प्रार्थनेनंतर काकांनी तिला बाजूला घेतलं. काका म्हणजे मंडळीतले सगळ्यांत वडील. हयातभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. ते इतकं हळू बोलत, की लोक त्यांच्याजवळ आपोआप वाकत.

"पोरी, ओरडणं आपल्याला शोभत नाही."

"शोभत नाही! काका, तिकडे माणूस जिता आहे की नाही कळेना आणि आपण शोभेचं बघायचं?"

"मी कुठे नको म्हणतो? जाऊ ना. तिथे जाऊन आपण आपली प्रार्थना करू. त्यांना बघू दे आपण कसे लोक आहोत ते. ज्यासाठी त्यांनी मास्तरांना नेलं, तेच त्यांच्या दारात करू."

म्हातारा बोलला ते खरंच होतं, आणि धाडसाचंही. चष्मेवालीने मान डोलावली. मास्तरांचा फोटो लावलेली एक पाटी करायची असंही ठरलं. पाटी ज्याच्या हातात असेल त्याने ती छातीशी धरायची. आणि मंडळी जाऊन आपल्या सवयीने उभी राहिली, एकामागे एक! त्यामुळे पाटी लागली पुढच्याच्या पाठीला. मास्तरांचा फोटो बिचारा कुणाच्या तरी शर्टात तोंड खुपसून निषेध करत होता. आयुष्यभर हे लोक असेच उभे राहत आलेले. रस्त्यावरून जाणाऱ्याला आपण रांग दिसू, हे त्यांच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

चष्मेवालीच्या हे लक्षात आलं, तोवर दारवानाने तिच्या हातात टोकन कोंबलं होतं. "चला मावशी, खिडकी उघडली."

"अहो, मी व्हिसाला नाही आले!"

"मग रांगेत कशाला उभ्या आहात?" दारवान म्हणाला. क्षणभर तिला वाटलं, हसावं का रडावं. मग तिने पदर खोचला आणि ती तरातरा खिडकीशी गेली.

जाड काचेच्या आड एक माणूस बसला होता. डोक्यावर कोपऱ्यात कॅमेरा. काचेला खाली कागद सरकवण्यापुरती फट. माणसाने टोकन उचललं, हात लांब करून, डोळे बारीक करून नंबर वाचला आणि विचारलं, "काम?"

"माझ्या बहिणीचा नवरा तुमच्या तुरुंगात आहे. त्याला भेटायचंय."

तिने नाव-गाव सांगितलं. खिडकीवाल्याने समोरच्या पडद्याकडे बघितल्यासारखं केलं.

"असा कोणी माणूस नाही. पुढचा."

"अहो, असं कसं नाही? घरातून उचलून नेलाय! शेजाऱ्यांनी बघितलंय! माणूस म्हणजे काय छत्री आहे, कुठे राहिली म्हणून विसरायला?"

"पुढचा."

आणि काय झालं कुणास ठाऊक, इतक्या वर्षांची सवय म्हणा, आपलं बोलून झाल्यावर ती वळली आणि मुकाट मागे जाऊन शेवटी उभी राहिली. तिच्यामागचे काका पुढे झाले. त्यांनाही टोकन मिळालं होतं. त्यांनी खिडकीशी वाकून हळूच विचारलं, "मास्तरांना भेटता येईल का?" असा कोणी माणूस नाही, पुढचा. काका मागे. मग पाववाली. मग बसचा ड्रायव्हर. मग त्याची सासू, जिला गुडघ्यामुळे उभंही राहवत नव्हतं. प्रत्येकाचं एकच वाक्य, हळू आवाजात, आणि मागे. खिडकीवाल्याच्या कपाळाला हळूहळू घाम आला.

टायवाला मधेच अडकला होता. "अहो, हे काय चाललंय? मला धंद्यासाठी जायचंय! किती जण तुमचे?"

"आम्ही थोडेच आहोत," काका मागे वळून अदबीने म्हणाले, "पण आम्ही परत परत येतो."

दुपारी खिडकी बंद झाली, तेव्हा चष्मेवालीच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक होती. घरी जाताना ती काकांना म्हणाली, "काका, बोंब मारली असती तर दारवानाने हाकललं असतं. रांगेला कोण हाकलणार?"

मग दर आठवड्याला तेच. व्हिसाच्या दिवशी मंडळी सकाळी सकाळी हजर. पाटी आता पाठीवर बांधायला लागले होते, एवढी अक्कल आली होती. दारवानाच्या नाकी नऊ आले, पण टोकन द्यायचं नाही असा नियम नव्हता. टायवाल्याला कसला तरी कागद कमी पडला म्हणून परत परत यावं लागलं. आधी तो चिडला, मग पाठीवरची पाटी वाचू लागला आणि शेवटी ड्रायव्हरच्या सासूसाठी घडीचं स्टूल घेऊन आला.

चष्मेवालीने दुसऱ्या आठवड्यापासून एक गोष्ट बरोबर न्यायला सुरुवात केली. मास्तरांचा नंबर तिला तोंडपाठ होता. लग्नातला चष्मा तिनेच करून दिला होता. तसाच तिने पुन्हा केला. खरी काच, धातूच्या नाजूक काड्या, मऊ कापडाची डबी. आपली पाळी आली की ती डबी फटीतून आत सरकवायची.

"मास्तरांना द्या. त्यांना काही दिसत नसेल."

"असा कोणी माणूस नाही." डबी परत बाहेर.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आत, पुन्हा बाहेर. धाकटीची मुदत संपत आली होती. फोनवर ती आता रडतही नसे, आणि ताईला तिच्या रडण्यापेक्षा याचीच जास्त भीती वाटे. एक दिवस खिडकीशी तिचा तोल गेला.

"साहेब, तुम्हाला तरी काय दिसतंय म्हणा! टोकन हातभर लांब धरून वाचता. चाळिशी लागलीय तुम्हाला. आधी स्वतःचे डोळे तपासून घ्या, मग सांगा कोण आहे आणि कोण नाही."

खिडकीवाल्याचे कान लाल झाले. "पुढचा," तो म्हणाला.

आणि गंमत बघा, त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या नाकावर चष्मा! कुठून तरी आणलेला तयार चष्मा, एक काडी वर, एक खाली, आणि साहेब सारखे बोटाने तो सावरताहेत. चष्मेवालीला ते बघवेना. वाकडा चष्मा दिसला की तिच्या हाताला खाज सुटायची. माणूस वैरी असला तरी चष्मा काही वैरी नव्हता.

"काढा तो," ती म्हणाली.

"काय?"

"काढा आणि इकडे द्या. दिवसभर असा घालून बसलात तर डोकं उठेल."

त्याने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून फटीतून बाहेर सरकवला. चष्मेवालीने काडी बोटांत धरून हलकेच वाकवली, नाकाजवळची पट्टी दाबली, काउंटरवर ठेवून दोन्ही बाजू टेकतात का बघितलं, पदराने काचा पुसल्या आणि परत दिला. त्याने घातला. चष्मा आता नीट बसला होता. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि बहुधा पहिल्यांदाच त्याला ती नीट दिसली असावी.

"असा कोणी माणूस नाही," तो म्हणाला. पण "पुढचा" म्हणायला त्याला जरा वेळ लागला.

रांगेत मागे जाताना चष्मेवाली स्वतःवरच जळफळत होती. ज्यांनी मास्तरांचा चष्मा बुटाखाली तुडवला, त्यांच्याच माणसाचा चष्मा मी नीट करून दिला! त्या दिवशी काकांची पाळी तिच्या आधी झाली होती, म्हणून शेवटी ते तिच्या पुढे होते. ते वळले नाहीत, वळायचं नसतंच. पण मागे हात करून त्यांनी तिचा हात एकदा दाबला.

मुदतीचा शेवटचा आठवडा उजाडला. आदल्या दिवशी धाकटीने फोनवर सांगितलं होतं, "ताई, उद्या संध्याकाळी तो अधिकारी कागद घेऊन येणार आहे. मी सही करून टाकते आता. थकले मी." ताईने "थांब" म्हटलं होतं, पण कशाच्या भरवशावर थांब, ते तिला सांगता आलं नव्हतं.

खिडकीशी तिची पाळी आली. तिने डबी आत सरकवली. खिडकीवाल्याने डबी उघडली. आजवर त्याने ती कधीच उघडली नव्हती. चष्मा हातात धरून, आपल्या सरळ झालेल्या चष्म्यातून त्याने तो बघितला, काचेवर नखाने टिचकी मारली आणि डबी बंद करून परत बाहेर सरकवली.

"असा कोणी माणूस नाही," तो नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाला. आणि त्याच आवाजात, पडद्याकडे बघत पुढे म्हणाला, "आत काच चालत नाही. प्लॅस्टिकच्या आणा. काड्या धातूच्या नकोत. पुढचा."

चष्मेवाली तिथेच खिळली. नसलेल्या माणसाला कुठली काच चालते, हे कुणी सांगतं का हो?

तिने तोंड उघडलं. खिडकीवाल्याने मान अगदी जराशी हलवली, नाही म्हणाल्यासारखी. तिने तोंड मिटलं. उभ्या आयुष्यात ओठावर आलेला शब्द गिळायची तिची ही पहिलीच खेप असेल.

ती वळली. मागे जायचं, शेवटी उभं राहायचं. पण जाता जाता तिने काकांच्या खांद्याला धरलं.

"आहे," ती कुजबुजली.

काकांना आधी कळलं नाही. मग कळलं. आणि ज्या म्हाताऱ्याने साऱ्या मंडळीला आवाज चढवू नका म्हणून आयुष्यभर शिकवलं, तो भर रस्त्यात, वकिलातीच्या भिंतीला लागून असा ओरडला, की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

"आहे? आहे म्हणतेस?"

रांग मोडली. माणसं एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघायला लागली, जे त्यांच्यात कधी करत नाहीत. ड्रायव्हरची सासू स्टुलावर बसून हमसून हमसून रडत होती. टायवाला "कोण आहे? मास्तर?" विचारत प्रत्येकाचा हात हलवत सुटला. दारवान "भिंतीला धरून" म्हणायला पुढे आला आणि तसाच मागे गेला.

चष्मेवाली दुकानात आली आणि पर्ससुद्धा न ठेवता तिने फोन लावला. पलीकडे धाकटी. मधे तोच तो मेला खोकला.

आता सांगायचं कसं? मोकळं बोलावं तर मास्तरांचे हाल आणि त्या खिडकीवाल्याचेही. तिने एक श्वास घेतला.

"अगं, काही नाही, सहजच केला फोन. कामात आहे. मास्तरांच्या चष्म्याला प्लॅस्टिकच्या काचा बसवतेय."

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "तू? प्लॅस्टिकच्या?"

"हो, मी. गिऱ्हाइकाला काच चालत नाही म्हणे. तशी ऑर्डरच आलीय. मग काय, करायला नको?"

फोनमध्ये इतका वेळ शांतता होती, की खोकणाऱ्यानेही खोकायचं थांबवलं. त्या शांततेत धाकटी काय करत होती ते ताईला दिसत नव्हतं. पण दोघी एकाच दुकानात वाढलेल्या होत्या. आपली ताई कुणासाठी, कशासाठी आणि कुठल्या आनंदात प्लॅस्टिकला हात लावेल, हे धाकटीला सांगावं लागणार नव्हतं.

शेवटी तिचा आवाज आला. ओला, पण कितीतरी दिवसांनी दुकानातल्या त्या जुन्या पोरीचा.

"मग फ्रेम तपकिरी घाल. काळी त्यांना आवडत नाही. आणि ताई, संध्याकाळी तो माणूस आला की त्याला चहा पाजते आणि रिकाम्या हाताने परत पाठवते."

"पाठव," चष्मेवाली म्हणाली. तिने फोन ठेवला, डोळे पुसले आणि समोरच्या दुकानात प्लॅस्टिकच्या काचा मागायला निघाली.